दोन शेंड्यांचा हिवर

बा, त्या हिवराला पाणी घालायला तू मला का लावलंस, ते एकदा तरी तोंडानं सांगायचं होतंस. आख्खा उन्हाळा रोज दोन कळश्या, विहिरीपासून पार माळाच्या बांधापर्यंत. बांधावरच्या काटेरी झाडाला कुणी पाणी घालतं का? वरून पोरं हसायची, "तुझ्या बानं काटं पेरलेत का रं?" रागवायचं होतं तर रागवायचंस, दोन ठेवून द्यायच्यास. तुझं ते गप बसणं मला लई जड गेलं. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ते डोक्यातून निघत नाय.

मी आता बंगळूरला हाय. चितेगावच्या कंपनीत चार महिने टिकलो, मग सुरत, मग पुणं. शेळ्या राखणारा तू, असतास तर म्हणाला असतास, याच्या पायाला शेळीचं खूर हायेत. इथं मोठ्या इमारतींच्या बागेत काम करतो. मागं थोडा जुना माळ राहिलाय. तिथली देशी झाडं तशीच ठेवायची अन् प्रत्येकावर नावाची पाटी लावायची, असं बागेच्या मॅडमनी ठरवलंय. त्यांनी माझ्या मोबाइलात एक ॲप टाकून दिलं. पानाचा फोटो काढला की ते झाडाचं नाव सांगतं, देशी का बाहेरचं तेही सांगतं. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाला याहून सोपं काम मिळायचं नाय. पहिल्याच दिवशी अर्धा माळ उरकला. तुला दाखवावंसं वाटलं. तू म्हणाला असतास, शेळीला लागत नाय असलं काही.

मंगळवारी कुंपणाजवळच्या एका झाडाचं पान दाखवलं, ॲप म्हणालं बाभूळ. पाटीवर लिहायला घेतलं अन् सहज हात खोडाला टेकला. टेकला तो तिथंच राहिला. तू मला डोळे झाकायला लावून माझा हात खोडावर ठेवायचास ना, म्हणायचास, "पानं समदी सारखीच दिसत्यात, सालीला इचार." बाभळीची साल काळी, भेगाळलेली, हात खरवडणारी. ही पांढुरकी, पापुद्रे सुटलेली. मॅडमना म्हटलं, "ये बाभूळ नही, हिवर है." त्या म्हणाल्या, "ॲप तो बाभूळ बोल रहा है, तुझे कैसे पता?" म्हटलं, "मेरे बाप को पता था." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सालीचा फोटो काढ. काढला, अन् जरा थांबून मोबाइलात दुसरंच लांबलचक नाव आलं, त्याच्याखाली मराठीत, हिवर. गाव सोडल्यापासून हा शब्द मी कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. बराच वेळ मोबाइल खिशात ठेवला नाय.

तेव्हापासून तो दिवस समोरून हलत नाय. तू फुलंब्रीला बाजाराला गेलायस. मी बारा वर्षांचा, शेळ्या माझ्यावर सोडल्यात. तिकडं शाळेच्या मैदानावर मॅच चालू हाय, अन् इकडं शेळ्या एका जागी ठरंनात. बांधावरचा हिवर तेव्हा लहान, माझ्या दीडपट. तू दरसाली शेळ्यांच्या पाल्यासाठी त्याची एकाच अंगाची फांदी उतरवायचास, शेंड्याला कधी हात लावला नाहीस. मी कोयता घेतो अन् शेंडाच खाली आणतो. शेळ्या पाल्यात गुंतल्या, मी मॅचला. सांजच्याला तू झाडाजवळ उभा. आई विचारते, "कुणी केलं हे?" मी म्हणतो, "मेंढरं घेऊन बाहेरगावचा मेंढका आला व्हता, त्यानं तोडलं." तू घावावरून अंगठा फिरवतोस, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. "व्हय का," म्हणतोस, "डावखुरा मेंढका दिसतोय." बस, एवढंच. घरात डाव्या हातानं कोयता चालवणारा मी एकटाच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर उशाशी दोन कळश्या.

परवा आईचा फोन आला. शेळ्या तर तू गेल्यावर विकल्याच, आता लाकूडवाला हिवर मागतोय. "घरावरचं पत्रं गळायलेत, बदलायला पायजेत, देऊन टाकते," म्हणाली. "दोन शेंडं फुटलेत, फळी निघायची नाय म्हणतो, सरपणाचाच भाव देतोय. त्या मेल्या मेंढक्यानं शेंडा तोडला नसता तर सरळ वाढलं असतं झाड." मी म्हटलं, झाड राहू दे, पत्र्याचं मी बघतो. "तुला रं काय करायचं त्या झाडाचं?" म्हटलं, पाणी घातलंय मी त्याला. ती हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.

हा कागद कुठं टाकणार? घडी करून पाट्यांच्या डब्यात ठेवून देतो. आईला खरं सांगितलं नाय, सांगेन का तेही ठाऊक नाय. तुला तेव्हाच ठाऊक होतं, पण तुला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, अन् मी कळश्या वाहिल्या पण तोंड उघडलं नाय. आज लिहितो. तो डावखुरा मेंढका मीच, बा. लाकूडवाला देत होता तेवढेच आईला पाठवतोय, बत्तीसशे रुपये.