राणीसमोर तोंड वर करून

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची! आणि राहायला थेट राजवाड्यातच, आता बोला. पूर्वीच्या पागेवर माडी काढली आहे, तिथे खोली मिळाली. खाट, टेबल, भिंतीवर चांगला मोठा आरसा, खिडकीतून सगळं अंगण दिसतं. राजेराण्या कधीच्या गेल्या. आता तिकीट काढून कोणीही आत येतं आणि त्यांची चित्रं, पुतळे, झुंबरं बघून जातं.

माझं काम म्हणजे दरबार दालनातलं भिंतभर चित्र साफ करायचं. मधोमध राणी, मागे पाच दासी. राणीच्या कानातला मोतीसुद्धा चमकतो, आणि दासींच्या चेहऱ्यांच्या जागी नुसता सपाट रंग. कणकेचे गोळे ठेवावेत तसा.

संग्रहालयाचे साहेब भले वाटले. त्यांनी एकच अट घातली : बाकी सगळं पुसा, दासींच्या तोंडांना हात लावू नका. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

दालनात पहारा करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्या चित्रासमोरून खाली मान घालून जातात. साहेबही तसेच जातात. नोकरांनी राणीला तोंड दाखवायचं नाही, ही इथली रीत म्हणे. मला हसूच फुटलं. मी चांगलं तोंड वर करून बघितलं तिच्याकडे.

५ फेब्रुवारी

जुन्या चित्रावरचा मळ थुंकीने जितका हळुवार निघतो, तितका दुसऱ्या कशाने निघत नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि फिरवायचा. लोकांना सांगितलं की नाकं मुरडतात. आई म्हणते, माझी पोरगी थुंकी लावून पोट भरते. भरते की! पण कुणाची झेलत नाही.

आज सहज पहिल्या दासीच्या हनुवटीवर काडी फिरवली. सहज म्हणजे मुद्दामच. रंग कच्चा होता, लगेच सुटला. खाली छानशी खळी! साहेबांना गाठून विचारलं. ते म्हणाले, चित्रकाराने पाचही चेहरे काढले होते, पण आपल्या शेजारी नोकरांना तोंड नको म्हणून राणीने ते बुजवायला लावले.

माझं डोकंच फिरलं. राणी गेली, राज्य गेलं, आणि हुकूम अजून चालूच? पंधरा तारखेला आई इथली चित्रं बघायला येणार आहे, पोरगी काय पुसते ते एकदा डोळ्यांनी बघायचं आहे तिला. तिला काय पाच भोपळे दाखवू?

९ फेब्रुवारी

पहिली पूर्ण बाहेर आली. किती गोड आहे! जराशी चकणी, ओठ मुडपून हसू दाबते आहे. दुसरीलाही हात घातला. साहेब रागावले तर रागावोत.

संध्याकाळी तोंड धुताना हाताला काहीतरी चुकल्यासारखं लागलं. आरशात बघितलं तर हनुवटीवरचा तीळ नाही. जन्मापासूनचा तीळ. लहानपणी जत्रेला गेलो की आई म्हणायची, हरवलीस तर या तिळावरून शोधून काढीन. खरवडला गेला म्हणावं तर जखम नाही.

११ फेब्रुवारी

दुसरी झाली. माझ्या भुवया गेल्या. फाटकावरच्या शिपायाने अडवून ओळखपत्र मागितलं. रोज एकत्र चहा पितो आम्ही!

मावशींनी मला कोपऱ्यात ओढून सांगितलं. माझ्या आधी जी साफ करायला आली होती, तिनेही हेच केलं होतं. दासीला चेहरा मिळाला की पुसणारीचा तेवढा जातो. राणी फुकट काही देत नाही. तिने घाबरून दोन्ही चेहरे परत बुजवले, आपला परत मिळवला, आणि पळाली ती पळाली. मावशींनी हात जोडले, पोरी, लाव गं परत रंग.

खोलीत येऊन रडले. भ्याले मी, खोटं कशाला लिहू? रंग कालवला आणि चित्रासमोर गेले. त्या दोघी बघत होत्या माझ्याकडे. एकदा बुजवल्या, मग दुसऱ्यांदा बुजवल्या, आणि आता मी तिसऱ्यांदा? कुठल्या तोंडाने?

रंग मोरीत ओतला.

१३ फेब्रुवारी

तिसरी. चौथी. माझं नाक सपाट झालं आहे. श्वास येतो, कुठून ते कळत नाही.

राणीचे ओठ आवळलेत. आधी असे नव्हते, शप्पथ.

साहेब मला ओळखत नाहीत. परकी बाई म्हणून बाहेर काढायला निघाले. मावशी आड आल्या. मान वर करून बोलल्या त्यांच्याशी, पहिल्यांदाच —

परवा आई येणार. रंग लावला तर आई ओळखेल मला. थोडासाच रंग —

नाही. नाही लावणार. काय करायचं ते कर, राणीबाई.

१५ फेब्रुवारी

आई आली. माझ्यासमोर उभी राहून मलाच विचारलं, माझी मुलगी इथे काम करते, कुठे भेटेल हो? हो! मला 'हो' म्हणाली. मी हाक मारायला गेले — तोंड उघडलंच नाही. ओठ नाहीत.

ही वही तिच्या हातात दिली. तिने माझं अक्षर ओळखलं. उभ्या उभ्या सगळं वाचलं. मला वाटलं रडेल. चिडली! माझी आईच ती.

पाचवी राहिली आहे, आणि माझ्याकडे थुंकी नाही. आईने काडी स्वतःच्या जिभेवर धरली. मी लिहिलं, नको, तुझाही जाईल. तर म्हणाली, पोरीचा गेल्यावर माझ्या तोंडाचं काय लोणचं घालायचंय?

त्याच दिवशी

डोळे गेले. ओळीवर ओळ चढत असेल. बोलता येत नाही म्हणून लिहिते. आई पुसते आहे आणि मला सांगते आहे —

पाचवी आली. हनुवटीवर तीळ आहे म्हणते. सापडली गं, म्हणते, सापडली माझी —

आता राणी. मी लिहिलं, तिलाही पूस. मावशींनी दुसरी काडी घेतली. दोघी पुसतात —

राणीच्या रंगाखाली काहीच नाही म्हणतात. नुसतं कापड. राणीने मान खाली घातली म्हणतात —

आई हसते आहे. तिच्या तोंडावरून हात फिरवला. नाक लागलं नाही हाताला. हसणं चालूच —

थांबू नकोस, आई. पूस. अजून तिचा एक डोळा —