देवी वेबसाइट पास करेना

३ मार्च, सोमवार

काम मिळालं! गिऱ्हाईक – समुद्राची देवी, माझू माय. वय हजाराच्या पुढे, मोबाइल नाही, मीटिंगा घेत नाही. तैपेईत दहा वर्षं खर्डेघाशी करून गावी आईकडे परतले, पण एवढं बरं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं.

देवळाचे अध्यक्ष कुओ – स्वतःची मासळीची तळी, तोंडात कायम सुपारी – म्हणाले, "पोरं परगावी गेली. देवीला विचारायला इथवर येणार कोण? घरबसल्या कौल मिळायला हवा." म्हणजे वेबसाइट. आधी नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायचा. नाहीतर देवीला कळणार कसं, कोण विचारतंय? मग गाऱ्हाणं टाइप करायचं, आणि पडद्यावर लाकडाच्या दोन फाकी पडणार. एक उताणी, एक पालथी – होकार. दोन्ही उताण्या – देवी हसली. दोन्ही पालथ्या – नाही. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात.

देवीच्या वाढदिवसाला, वीस एप्रिलला, सुरू झालं पाहिजे. झालं, तर देवस्थान संघातल्या बाकीच्या देवळांचं कामही मलाच. मग कुणाची नोकरी नको, तैपेईच्या त्या साहेबाचं तोंड बघायला नको. मला हे हवंय. फार हवंय.

१२ मार्च, बुधवार

अध्यक्षांनी बाजूला घेतलं. "लोक काय विचारतात, ते साठवता येईल ना?"

अहो, माझा धंदाच तो! मी लोकांची ऑनलाइन खरेदी उपसून पगार घेतलाय. एखादा एकट्यापुरती भांडी मागवायला लागला, की त्याचं लग्न मोडतंय हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळायचं. तिकडे माणसांची जन्मतारीख काढायला कूपनं वाटावी लागत. इथे ती हात जोडून स्वतःच सांगतात.

"ज्याला परीक्षेची धास्ती, त्याला परीक्षेचा ताईत विकायला दाखवायचा," अध्यक्ष म्हणाले. "ज्याला मूल हवं, त्याला तसला." या माणसाने मासे पाळण्यात जन्म फुकट घालवला.

१४ मार्च, शुक्रवार

डेटाबेस तयार. आई जेवायला हाका मारून थकली.

२३ मार्च, रविवार

चाचणी. देवळाच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना साइट वापरायला दिली. आई त्यांच्यातलीच. सगळ्या भडाभडा लिहीत सुटल्या. आईने काय विचारावं? "उद्या भाजी कुठली करू?" देवी हसली. बरोबरच आहे.

जेवताना मी सहज म्हटलं, "तुमच्यातली एक विचारतेय, नवरा आधी जाईल की मी. ओळख बरं कोण?"

मला वाटलं, हसेल. आईने पेजेचा चमचा खाली ठेवला. "तुला कसं कळलं?"

"मला सगळं दिसतं."

"देवीला सांगितलेलं?"

"देवीकडे जातं ते माझ्याकडूनच जातं, आई."

ती उठली आणि भांडी घासायला लागली. माझा वाडगाही उचलून नेला. मासा होता अजून त्यात.

३० मार्च, रविवार

साइट तयार. राहिली फक्त देवीची मंजुरी. पुजारी आ-शुई काकांनी फाकी टाकल्या. "माय, सुरू करू का?" हसली. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसली.

"हसली म्हणजे आवडलं असेल," अध्यक्ष म्हणाले.

"हसली म्हणजे तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारतेय," काका म्हणाले.

१ एप्रिल, मंगळवार

देवी का अडलीय ते सांगत नाही. आपण एकेक कारण विचारत जायचं, तीन होकार पडेपर्यंत. प्रोग्राममधली चूक मीही अशीच शोधते, फक्त उदबत्ती लावत नाही.

रंग आवडला नाही? नाही. संगीत? नाही. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथल्या रीतीप्रमाणे सर्व्हरच्या डोक्यावर ठेवलेला खाऊचा हिरवा पुडा शिळा झालाय? होकार! तारीख बघितली तर खरंच शिळा. सगळे खूश. नवा पुडा आणायला माणूस पळालासुद्धा. पुढचा कौल – नाही.

"पोरीचं लग्न झालेलं नाही, म्हणून?" अध्यक्षांनी विचारलं. नाही. आभारी आहे, माये.

३ एप्रिल, गुरुवार

अक्षरांचा आकार. नाही. माझे कापलेले केस. नाही. झोप येत नाही. दिवस सरत चालले, आणि माझं भवितव्य लाकडाच्या दोन तुकड्यांवर!

६ एप्रिल, रविवार

देवळात गर्दी. अध्यक्ष घायकुतीला आलेले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मी विचारते."

गुडघे टेकले. नाव, जन्मतारीख, पत्ता सांगितला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माय, तुझ्याशी बोललेलं दुसरं कुणी वाचतंय, म्हणून तू नाही म्हणतेस का?"

होकार. होकार. अध्यक्षांचं चघळणं थांबलं. होकार.

आठात एकदा तीन लागोपाठ पडतातच. चमत्कार वगैरे काही नाही. पण हे सांगणार कुणाला? अर्धा गाव माझ्याकडे बघत होता. नवरा आधी जाईल का विचारणारी बाईसुद्धा.

७ एप्रिल, सोमवार

साठवणं काढून टाकलं. आता लिहिलेलं लिहिणाऱ्याच्याच फोनवर राहतं, पान मिटलं की गेलं. जुनंही पुसलं. काकांनी फाकी टाकल्या – तीन होकार, जणू काही झालंच नव्हतं.

आईशी बोलत नाही. आपण काय करतोय, हे तिला नीट ठाऊक होतं.

२० एप्रिल, रविवार

साइट सुरू. फटाके, ढोल, अध्यक्षांचं भाषण. लोक धडाधड विचारतायत. किती जण, ते मला दिसतं. काय, ते दिसत नाही. हलवायाच्या दुकानात तोंड बांधून बसवलंय मला.

२५ एप्रिल, शुक्रवार

संघाचं काम काओश्युंगच्या एका कंपनीला गेलं. ते लोकांचं गाऱ्हाणं साठवून देणार आहेत.

"त्या देवळांतले देव बरे चालवून घेतात?" मी अध्यक्षांना विचारलं.

"त्यांना कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. वर म्हणाले, "तुझ्या आईला आवरायला हवं होतंस."

तैपेईच्या साहेबाला मेसेज केला. "सोमवारी ये," लगेच उत्तर. ढसाढसा रडले. मग आईला जाऊन म्हटलं, "तुझ्यामुळे."

"हो," ती म्हणाली. एवढंच.

२७ एप्रिल, रविवार

बॅग भरत होते. आई दारात, हातात तिचा फोन.

"त्यात खरंच काही राहत नाही ना?"

"नाही."

"तुलाही दिसत नाही?"

"नाही, आई."

"मग लावून दे. आणि तू जरा बाहेर जाऊन बस."

बाहेर बसलेय. ऊन उतरलं. आतून अजून हाक आलेली नाही.