धाकटीचे डोळे

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी माझ्या हातून धाकट्या गौरीचा मुखवटा फुटला. कोणाला सांगणार नाही. पण पोटात राहत नाही, म्हणून लिहिते.

मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. ट्रंकेतून काढला, पुसला, खिडकीशी उजेडात धरला — आणि गेला! शाडूचा. नऊ तुकडे. पिठाच्या रिकाम्या डब्यात लपवले. थोरली तशीच, माझ्याकडे बघत.

सहा वर्षांपूर्वी याच मुखवट्याचा कान पुसताना सीमाच्या हातात आला होता. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आमच्या घरात साठ वर्षांत याला ओरखडा उठला नाही!" सीमा एवढंच म्हणाली, "आई, मी नुसतं पुसत होते." कान मी चिकटवला. ट्रंकेची किल्ली कमरेला लावली. तेव्हापासून ती मुखवट्यांना हात लावत नाही. गौरी उभ्या राहिल्या की स्वयंपाकघराच्या दारातून बघते.

सून आहे माझी. आणि मी तिला तिथेच उभी राहू दिली.

५ ऑगस्ट

विकतचा आणणार नाही. गिरगावात मिळतील पन्नास, सगळ्यांचा चेहरा एकच. स्वतः करीन. बी.ए.ला इतिहास होता, हस्तकला नव्हती — बघू.

७ ऑगस्ट

आरोहीला म्हटलं, जगातले मुखवटे दाखव.

"आजी, तुला कशाला?"

"दाखव म्हटलं ना."

टॅबवर दुपारभर बघत बसलो. जपानच्या नाटकातला लाकडी — खाली झुकवला की खिन्न, वर उचलला की हसरा. चेहरा तोच! आफ्रिकेतली एक बाई, पापण्या मिटत आलेल्या, आतलंच काही बघत असल्यासारखी. आणि जव्हारकडचा, बोहाड्याच्या उत्सवात सोंगं घेतात त्यातला, कागदाच्या लगद्याचा. कागद! रद्दी तर माळ्यावर वर्षानुवर्षांची पडली आहे.

११ ऑगस्ट

रद्दी भिजवली, कुटली, चिंचोक्यांची खळ घातली. थोरलीची क्षमा मागून तिच्या तोंडावर ओला रुमाल टाकला, वर लगदा थापला. संध्याकाळी सीमा दारातूनच, "आई, आंबट वास कसला येतोय?"

"इडलीचं पीठ."

खोटं बोलले. मी!

१४ ऑगस्ट

बुरशी. लगद्यात मेथीची पूड घालायची राहिली. फेकला. पुन्हा पहिल्यापासून.

१८ ऑगस्ट

दुपारी डोळा लागला. चाळीच्या जिन्यावरून बायका वर आल्या. दाराशी चपला काढल्या, चेहरे नाही काढले. जपानची मान झुकवून बसली. आफ्रिकेचीने पापण्या न उचलता हळदीकुंकू लावून घेतलं. जव्हारची म्हणाली, चहा बशीतून दे. सगळं इतकं ओळखीचं, की मी पाट कमी पडतील याच काळजीत!

मग मी विचारलं, "कोणी फोडला?" सगळ्या थोरलीकडे बघायला लागल्या आणि थोरली स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात कोणीच नव्हतं.

जाग आली तेव्हा पंख्याखाली नवा मुखवटा वाळत होता. वाऱ्याने जरासा हलत होता, हो म्हणावं तसा.

२१ ऑगस्ट

नाकाचं माप घ्यायला जुने तुकडे काढले. आतल्या बाजूला कागद चिकटवलेला! डिंकाने, तीन पदर. वर्तमानपत्राचा, जून १९७१. मी या घरात आले अठ्ठ्याहत्तर साली. म्हणजे हा माझ्या आधीच एकदा फुटला होता, आणि सासूबाईंनी गुपचूप जोडला होता.

कानामागेही, मी चिकटवलेल्या थराखाली, तोच जुना डिंक, सुकून भुगा झालेला. कान सुटणारच होता, कोणाच्याही हातात.

"ओरखडा उठला नाही" हे वाक्य सासूबाईंचं. मी फक्त पुढे चालवलं.

आधी हसू आलं. मग नाही आलं.

२५ ऑगस्ट

रंग झाला. कागद जव्हारचा, पापण्या आफ्रिकेच्या, हसू जपानचं. आरोही म्हणते, "आजी, ही झोपेतून उठतेय की झोपतेय?" मलाही माहीत नाही. डोळे राहिलेत.

चिंचपोकळीला रघुवीरच्या कारखान्यात घेऊन गेले. मूर्तींचे डोळे तो आखतो. "आजी, परवा गणपती! आता बाप्पा सोडून कोणाचे डोळे नाय." बारीक ब्रश मात्र दिला. "घरात कोणतरी असेल की, हात कापत नाय असं."

माझा कापतो. दारातली रांगोळी सीमा काढते — केसाएवढी रेघ, हात न उचलता.

२८ ऑगस्ट

"सीमा —"

"काय आई?"

"काही नाही. गॅस बारीक कर."

३० ऑगस्ट, शनिवार

उद्या गौरी येतील. सीमाच्या हाती दिलं ते असं:

धाकटीचा कागदी मुखवटा, डोळ्यांशिवाय — एक.

जुन्याचे तुकडे, डब्यात — नऊ. आतला कागद तसाच आहे, साल बघण्यासाठी.

रघुवीरचा ब्रश. ट्रंकेची किल्ली.

ही वही.

सीमा, आधी वाच. मग डोळे तू काढ.