माननीय मंत्र्यांच्या उपस्थितीत

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. ड्रॉवरला कुलूप, किल्ली माझ्याकडे. (दुसरी सौ.कडे आहे, पण तिला माझं अक्षर लागत नाही.)
संकल्प तीन. एक, रोज चाळीस मिनिटं चालणे. दोन, चहात साखर बंद. तीन, सभागृहात खात्याने लिहून दिलेल्या चिठ्ठीबाहेर एक शब्द बोलायचा नाही.
आज सभागृहात आरोग्य खात्याचे प्रश्न आहेत. आरोग्यमंत्री स्वतः आधी ठणठणीत हवा. चालायला उद्यापासून. आज बुटाची नाडी सापडत नाही.

दुपारी १.३०
गाजवलं! विरोधी बाकावरच्या त्या चष्मेवाल्याने विचारलं, खुब्याचा सांधा बदलण्यासाठी सरकारी रुग्णालयांत वर्ष-वर्ष थांबावं लागतं, हे खरे आहे काय? मी ठणकावून वाचलं, हे खरे नाही, सरासरी प्रतीक्षा तीन आठवडे. तो म्हणाला, असल्यास विलंबाची कारणे काय? मी म्हटलं, प्रश्न उद्भवत नाही. काय वाक्य आहे! ज्याने शोधलं त्याचा पुतळा उभारायला हवा.
मग ओघात चिठ्ठीबाहेरचं एकच वाक्य बोललो. माझ्या घरातलं माणूस आजारी पडलं तर तेही सरकारी रुग्णालयातच जाईल आणि रांगेतच थांबेल. बाकं अशी वाजली की अध्यक्षांच्या हातातलं पाणी सांडलं. तिसरा संकल्प मोडला, पण लोकहितासाठी.
चहा दोनदा, साखरेसह. घसा बसला होता.

संध्याकाळी ७
ताईचा फोन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, गणिताच्या निवृत्त बाई. भाषण टीव्हीवर पूर्ण पाहिलं म्हणाली. छान बोललास, पण हात फार हलवतोस. मग विचारलं, ते तीन आठवडे नक्की कुठल्या दिवसापासून मोजायचे? म्हटलं, का गं? तर म्हणे तिचा डावा खुबा पार गेलाय आणि जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवून अकरा महिने झालेत.
मला पत्ताच नव्हता. ती सासरचं आडनाव लावते, त्यामुळे तिथेही कुणाला पत्ता नाही. मला का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणे तू कामात असतोस. विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला.

मंगळवार, ४ मार्च
खात्याच्या सचिवांना विचारलं. अगदी सोपं आहे. तारीख मिळाल्यापासून ऑपरेशनपर्यंत जे दिवस जातात ती प्रतीक्षा. तारीख मिळेपर्यंत जे जातात ती 'नोंदणी प्रक्रिया'. वेगळा रकाना. म्हणजे मी खोटं बोललेलो नाही. ताई अकरा महिने थांबलेलीच नाही, तिची नोंदणी चालू आहे.
हे समजावायला तिच्या घरी गेलो. भाचीने दारातच हळू आवाजात सांगितलं, डॉक्टर म्हणतात आणखी दोन-तीन महिने गेले तर आई खाटेवरून उठायची नाही. तेवढ्यात ताई भिंत धरून, आडवी पावलं टाकत बाहेर आली. हीच मला कडेवर घेऊन शाळेत पोचवायची. मी चालायला आळशी, आणि ती स्वतः जेमतेम नऊ वर्षांची. मला बघवेना.
म्हटलं, एक फोन करतो, परवा ऑपरेशन. तर अशी कडाडली की शेजारचं दार उघडलं. तिच्यापुढे दहा जण आहेत म्हणे. एका शिंप्याला मशीनवर बसता येत नाही, एका आजीला संडासला न्यायला सून कामावरून घरी येते. बाकावर शेजारी बसून बसून सगळ्यांशी ओळख झालीय. त्यांना ओलांडून गेले तर त्यांना तोंड कसं दाखवू? आणि तूच सभागृहात रांगेचं बोललास. फोन केलास तर ऑपरेशन करून घेणार नाही, आणि तुला दारातही उभा करणार नाही.
रकान्याचं सांगितलं. एवढंच म्हणाली की असलं उत्तर वर्गात दिलं असतंस तर बाकावर उभा केला असता.
संकल्प: फोन करायचा नाही.

गुरुवार, ६ मार्च
फोन केला. पण ताईचं नाव घेतलं नाही, म्हणजे धरायचा नाही. रुग्णालयाच्या अधीक्षक बाईंना सहज विचारलं, खुब्यांचं कसं काय चाललंय? बाई स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, अख्ख्या जिल्ह्यात भूल देणारा डॉक्टर एकच. तो एका दिवशी दोन ठिकाणी भूल देऊ शकत नाही. दुसऱ्या पदाचा प्रस्ताव चौदा महिन्यांपासून साहेबांच्या टेबलावर आहे.
टेबलावर असता तर मला दिसला असता ना! पीएने शोधला. माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनखाली होता. मानेसाठी स्क्रीन जरा उंच हवा असं फिजिओवाल्याने सांगितलं होतं, आणि फाइल नेमकी त्या जाडीची निघाली.
ताबडतोब निर्णय घेतला. फाइलवर लिहिलं, 'चर्चा करावी.'
मान दुखतेय.

सोमवार, १० मार्च
ताईला तारीख मिळाली! शुक्रवार, २८ मार्च. स्वतःच्या नंबराने. तिच्यापुढच्या दहाही जणांची त्याच दिवशी. म्हणजे अठराच दिवस. माझ्या सरासरीच्याही आत. चष्मेवाल्याला कळवावंसं वाटलं.
पण धाकधूक आहे. ऐन वेळी तारीख पुढे ढकलतात म्हणे. मग चालता चालता (आज आठ मिनिटं) अफलातून कल्पना सुचली. त्या दिवशी मीच रुग्णालयाची अचानक पाहणी करायची. मंत्री इमारतीत असताना ऑपरेशन पुढे ढकलायची कुणाची छाती आहे? ताईसाठी एक शब्द टाकायचा नाही, नुसतं हजर राहायचं. तिचा शब्दही राहतो, माझाही.
पीएला सांगितलं, अगदी गुप्त ठेव. त्याने फक्त रुग्णालय, पोलीस, बांधकाम खातं आणि वार्ताहरांना कळवलं.

बुधवार, १९ मार्च
अचानक भेटीची कार्यक्रमपत्रिका छापून आली. कागद चांगला आहे.
अधीक्षक बाईंचा फोन. साहेबांना रविवारी येता येईल का? शुक्रवारी आमच्या अकरा शस्त्रक्रिया आहेत. मी मनात हसलो. तपासणी म्हटली की यांची अशीच तारांबळ उडते. ठामपणे सांगितलं, शुक्रवारच. बाईंनी 'जशी आपली इच्छा' म्हणून फोन ठेवला. दरारा!

शुक्रवार, २८ मार्च. सकाळी ९.१५, गाडीत
नवे बूट. मनःस्थिती उत्तम. ताई आत्ता आत जात असेल. आपल्यामुळे आज काही अडणार नाही, या विचारानेच बरं वाटतंय. तिला कधी कळणारही नाही.

दुपारी ४
काय लिहू.
दारात कुंड्या, रंगाचा ताजा वास, नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर सगळे रांगेत. मी विचारलं, इतकी माणसं इथे, मग आत कोण? उत्तरादाखल हार घातला. मला ऑपरेशन थिएटर दाखवा म्हटलं. दाखवलं. माझ्याबरोबर एकतीस माणसं आत आली, कॅमेरे धरून. थिएटर चकाचक आणि रिकामं.
अधीक्षक बाईंनी शांतपणे सांगितलं. मंत्र्यांच्या ताफ्यात एक सुसज्ज अॅम्ब्युलन्स लागते, नियम आहे. अॅम्ब्युलन्समध्ये भूलतज्ज्ञ लागतो, हाही नियम आहे. जिल्ह्यातला एकमेव भूलतज्ज्ञ सकाळपासून माझ्या मागच्या गाडीत होता. मला चक्कर आली तर. आणि आता एकतीस माणसं थिएटरमध्ये येऊन गेल्यामुळे ते पुन्हा निर्जंतुक करेपर्यंत दोन दिवस बंद. अकराच्या अकरा ऑपरेशनं रद्द.
वॉर्डात गेलो. ताई हिरवा गाऊन घालून खाटेवर बसली होती, आदल्या संध्याकाळपासून उपाशी. शेजारी तो शिंपी. कॅमेरे मागे होतेच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. मला म्हणाली, साहेब, माझी काही तक्रार नाही.
साहेब म्हणाली मला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवार, ३० मार्च
शांतपणे विचार केला. चूक माझी नाही. नियम माझ्या आधीच्या मंत्र्याचा. थिएटरमध्ये घुसले ते वार्ताहर. मी तर फक्त गेलो.
ताईकडे गेलो. भाची म्हणाली, आई झोपलीय. आतून ताईचा आवाज येत होता, अजून झोपलेच आहे म्हणून सांग.
फाइल काढली. 'चर्चा करावी' खोडून 'मंजूर' लिहिलं.

बुधवार, २ एप्रिल
फाइल परत आली. शेऱ्यात खाडाखोड असल्याने नव्याने सादर करावी.
चष्मेवाल्याचा प्रश्नही आला. २८ मार्च रोजी जिल्हा रुग्णालयात अकरा शस्त्रक्रिया रद्द झाल्या, हे खरे आहे काय? असल्यास कारणे काय? खात्याने उत्तर तयार केलंय. 'हे अंशतः खरे आहे. तांत्रिक कारणास्तव.'
फाडून टाकलं. आयुष्यात एकदा तरी सरळ बोलायचं. होय, खरे आहे, मी गेलो म्हणून. आरशापुढे सहा वेळा म्हटलं. सौ. म्हणाली, छान आहे, आता याच्यापुढे एक शब्द वाढवू नका.

गुरुवार, ३ एप्रिल
उभा राहिलो. तोंड उघडलं. बाहेर आलं, हे अंशतः खरे आहे, तांत्रिक कारणास्तव. मी फाडलं तरी पीएने दुसरी प्रत हातात दिली होती, आणि हातात कागद असला की मी वाचतोच. सवय.
चष्मेवाला उठला. कोणतं तांत्रिक कारण, ते माननीय मंत्री सांगतील काय? मला तो हिरवा गाऊन दिसायला लागला. म्हटलं, अध्यक्ष महाराज, ते तांत्रिक कारण आपल्यासमोर उभं आहे.
सगळं सभागृह हसलं. आमची बाकं वाजली, कारण ती माझ्या प्रत्येक वाक्याला वाजतात. विरोधकांचीही वाजली. दोन्ही बाजूंनी दाद मिळवणारा मी अलीकडच्या काळातला एकमेव मंत्री असावा.
संध्याकाळी ताईचा फोन. आधी नुसतीच हसत होती, खुबा दुखतो म्हणून थांबली, पुन्हा हसली. आज उत्तर बरोबर आलं म्हणाली. मला रडू आलं, सर्दी झालीय असं सांगितलं.
नवी तारीख मिळालीय तिला, ११ एप्रिल. अकराही जणांना. पण अधीक्षक बाईंची एक अट आहे. ती पत्राने कळवणार आहेत.

शनिवार, ५ एप्रिल
पत्र आलं. 'दि. ११ रोजी माननीय मंत्रीमहोदय जिल्ह्याबाहेर असतील याची लेखी हमी मिळावी.' हमी दिली. बरं वाटावं म्हणून सहीखाली शिक्काही मारला.

शुक्रवार, ११ एप्रिल. रात्री ९
साडेतीनशे किलोमीटर दूर, एका सरकारी विश्रामगृहात. इथे कसलीशी परिषद आहे. ताईनेच ते निमंत्रण मला स्वीकारायला लावलं. सकाळपासून व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. फोन करायचा नाही अशी शपथ आहे, त्यामुळे फोन नुसता हातात धरून बसलो.
आठ वाजता भाचीचा फोन आला. ताईचं ऑपरेशन वेळेवर झालं, उत्तम झालं. शिंप्याचंही, त्या आजीचंही, अकराच्या अकरा. ताई शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला म्हणे, तो आलेला नाही ना? नाही म्हटल्यावर निवांत झोपली. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडलो. अधीक्षक बाईंचाही निरोप होता, सहकार्याबद्दल आभार.
परिषदेला गेलोच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.
आत्ताच पीए टपाल घेऊन आला. सतरा रुग्णालयांची पत्रं, सगळ्यांचा मजकूर सारखाच. आमच्या जिल्ह्यात माननीय मंत्री कोणकोणत्या दिवशी येणार नाहीत ते आगाऊ कळवावे. पीए विचारत होता, काय उत्तर देऊ. मी कॅलेंडर मागवलंय. मंत्री झाल्यापासून पहिल्यांदाच सगळ्या मागण्या एकदम मंजूर करता येतील.