यारेली फळांची नावं विसरतेय

याकिमा, ऑक्टोबर अखेर

प्रिय नेलीदा,

आशीर्वाद आहेतच, पण ख्यालीखुशाली विचारायची आज माझी मनःस्थिती नाही. फोनवर मला नीट भांडता येत नाही. तिकडे अलास्कात तुझा आवाज मध्येच तुटतो आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. म्हणून कागद घेऊन बसलेय. इथे मला मध्येच तोडणारं कुणी नाही.

तुझ्या लेकीला, आपल्या यारेलीला, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांच्या गटात बसवलंय. का, तर म्हणे तिला फळांची इंग्रजी नावं येत नाहीत! अगं, या याकिमात? जिथे शाळेच्या कुंपणापासून थेट डोंगरापर्यंत सफरचंदाच्या बागा आहेत, जिथे तिची आजी पॅकिंगच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्याशी उभी राहून फळं निवडते आणि आजोबा दिवसभर बागेत शिडीवर असतात, त्या घरातल्या पोरीला 'ॲपल' म्हणता येत नाही? शेजारची ब्रीसा शाळेच्या ऑफिसात आहे, तिने हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझे बाबा म्हणाले, "अगं, फळं तोडायला नावं कुठे लागतात?" त्यांच्यावरही ओरडले. ते आपले शेंगदाणे सोलत बसले.

मी काय कमी केलं, सांग. जूनमध्ये चेरीची तोडणी ऐन भरात असताना तू मासे कापायच्या कारखान्यात निघून गेलीस. जाताना फ्रिजवर फळांच्या चित्रांची कार्डं चिकटवलीस आणि मला हुकूम सोडलास, "आई, फळांची नावं घरात इंग्रजीतच घ्यायची हं. शाळेत पोरीचं हसं नको." घेतली बाई! या वयात घेतली. सकाळी बीन्स शिजत टाकायचे आणि फ्रिजपुढे उभं राहून 'पीच, पीच' घोकायचं. अननसाच्या नावात सफरचंद कशाला घुसडलंय, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पोरगी मात्र चुणचुणीत. माझीच शिकवणी घ्यायची. "आजी, ओठ मिट ना आधी. मग म्हण." आजोबांना तर एका फळाचं नाव घेतल्याशिवाय ताटात मक्याची टॉर्टिया वाढू द्यायची नाही. बिचारे 'पेअर'वर अडकले की उपाशी! ऑगस्ट संपायच्या आत तिला सगळी यायला लागली. झोपेतसुद्धा पुटपुटायची. एवढी कसली घाई लागलीय हिला, असं मला तेव्हा वाटायचं, पण मुलं अशीच असतात म्हणून सोडून दिलं.

तेव्हा मी शाळेत गेले ती पदर खोचूनच म्हण ना, जरी इथे पदर नाही, एप्रन आहे. तोच घालून गेले, थेट शेडमधून. दुभाषी म्हणून ब्रीसाला ओढत नेलं. माझं भाषण तयार होतं. म्हटलं, बाई, आमच्या घरात 'ॲपल' असं कुणी म्हणतच नाही. शेडमध्ये 'ॲपल आले' म्हटलं तर लोक विचारतील, कुठले? आम्ही जातीचंच नाव घेतो, 'गाला आले, फूजी संपले' असंच बोलतो. पोरीने लाल फळ बघून 'गाला' म्हटलं असेल आणि तुम्ही चूक धरलं असेल, तर चूक तुमची! ब्रीसा लाल झाली. "मावशी, जरा हळू. हे सगळं मला इंग्रजीत बोलायचंय."

बाईंनी, मिस लिंडक्विस्ट त्यांचं नाव, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गाला म्हणालीच होती ती, पहिल्याच दिवशी. मी हसले आणि बरोबर धरलं. या गावातली निम्मी मुलं तसंच म्हणतात. मग तिने ॲपलही म्हणून दाखवलं. सगळी फळं येत होती तिला. आता येत नाहीत." गेले काही आठवडे म्हणे ती सफरचंदाला केळं म्हणते, द्राक्षाला पीच. परवापासून तर नुसती मान हलवते. "घरी काही झालंय का?" असं त्यांनी विचारलं. आमच्या घरी? मी तडक उठले. पोरगी दोन्ही वेळा गरम जेवते, धुतलेले कपडे घालते, आणखी काय व्हायचं राहिलंय! पण वाटेत माझा राग गाडीत शेजारी बसून राहिला, आणि तो कुणावर काढावा ते मला कळेना.

घरी आल्यावर आंबा कापला. तिखट लावलं, लिंबू पिळलं, तिला आवडतो तसा. जवळ घेऊन आपल्या भाषेत विचारलं, काय गं, शाळेत असं का करतेस? बोटं चाटून झाल्यावर सांगितलं.

नेलीदा, जूनमध्ये निघताना बसच्या थांब्यावर तिची वेणी घालताना तू तिला काय म्हणालीस, ते तुला आठवतं तरी का? "सगळ्या फळांची नावं शिकलीस की मी आलेच समज." पोरीने ते देवाचा शब्द म्हणून धरलं. नावं शिकली आणि तू आली नाहीस. वर सप्टेंबरात तुझा फोन, की तू हिवाळ्याच्या मासेमारीलाही थांबतेयस, आणि "आई, तूच तिला हळूच सांग." मी तेव्हाच म्हटलं होतं, तुझी बातमी तू तुझ्या तोंडाने सांग. तू सांगितली नाहीस. मग तिने आपल्या बुद्धीने हिशेब लावला. मला म्हणाली, "मी फार लवकर शिकले, आजी. आईचं काम संपलंच नव्हतं तोवर. म्हणून आता विसरतेय. सगळी विसरले की परत पहिल्यापासून शिकेन. हळूहळू शिकेन." मी तिच्या हातातल्या फोडीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? तोंड आंब्याने भरलेलं, आणि म्हणते कशी, "माहीत नाही."

ती तुझ्यावर रागावली असती तर मी तिची समजूत घातली असती. ती स्वतःवर रागावलीय, आणि ते मला सहन होत नाही. तू तिथे मौज करायला गेली नाहीस, हे मला कळतं. उभ्याने तुझे पाय सुजतात, हेही ब्रीसाच्या आईकडून कळलंय. यायला जमत नसेल तर नको येऊस. पण कधी येणार ते खरं खरं तिला कळव, वसंत तर वसंत. आणि फळांचा नि तुझ्या येण्याचा काही संबंध नाही, हे तूच तिला सांग. मी सांगून पाहिलं. ती मला म्हणाली, "तुला काय माहीत? आईने ते माझ्या कानात सांगितलं होतं."

तुझीच, तुझ्यावर चिडलेली,
आई