रकाना सतरा आणि पान चौदा

२ मार्च
लेकीची तारीख वीस मे. परदेशात पहिलं बाळंतपण. आम्ही दोघं जाणार. बाळ आधी माझ्या मांडीवर, असं जावयाला फोनवर बजावलं. व्हिसाचे अर्ज मीच भरणार. एजंट कशाला? बत्तीस वर्षं हेडक्लार्क होतो. माझ्या हातून गेलेली फाइल कधी परत आली नाही.

५ मार्च, सकाळी
रकाना सतरा : आपल्याला कधी कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? हो / नाही.
नसत्या चौकशा!

५ मार्च, दुपारी
कॉलेजात असताना खिशात गांजाची पुडी सापडली होती. पुडी माझी नव्हती. म्हणजे अर्धीच माझी होती. शिक्षा : दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहणे. नुसतं बसून राहणं ही शिक्षा असेल तर ती मी ऑफिसात बत्तीस वर्षं भोगली. हिला यातलं काही ठाऊक नाही. लेकीला तर मी सुपारीच्या खांडावरूनसुद्धा व्याख्यान दिलंय. संकल्प : खोटं लिहायचं नाही.

६ मार्च
'नाही'वर खूण केली. खोटं नव्हे, संक्षेप.

९ मार्च
कागद लावून पानांवर नंबर घालायचं किरकोळ काम हिला दिलं. ही म्हणाली, अहो, एकदा नजरेखालून घाला. मी म्हणालो, हेडक्लार्क सही करतो, पानं उलटत बसत नाही. सही ठोकली.

२ एप्रिल
बॅग भरून तयार. शेजारच्या मास्तरांचा निरोपही घेऊन आलो. त्यांनी विचारलं, व्हिसा आला का? किती हा संशयी स्वभाव!

१६ एप्रिल
हिचा व्हिसा आला. माझा 'विचाराधीन'. वजनदार माणसांना वेळ लागतोच.

२९ एप्रिल
नाकारला. कारण : रकाना सतरात 'नाही', आणि सोबत पान चौदावर कोर्टाचा निकाल.
पान चौदा??

२९ एप्रिल, जेवणानंतर (जेवलो नाही)
ही म्हणाली, निकाल मीच लावला. लग्नाआधीच सासूबाईंनी मला सगळं सांगितलं होतं. लेकीने तिकडच्या वकिलाला विचारलं, तो म्हणाला, इतकी जुनी गोष्ट, 'हो' लिहून निकाल जोडा, अडवणार नाहीत. म्हणून हिने ट्रंक उपसून कागद शोधला. मला लाज वाटू नये म्हणून बोलली नाही. मी 'हो'च लिहिलं असणार, असं धरून चालली.
बंदी पाच वर्षं. गांजासाठी नाही. 'नाही'साठी.

१० मे
ही एकटी गेली. विमानतळावर मी तिला परदेशात कसं वागावं ते समजावलं. ती म्हणाली, गॅस बंद करत जा.
संकल्प : अकरा पानी अपील. पानं स्वतः लावणार.

२१ मे
नात झाली. अपील पहिल्याच पानावर अडलंय. फोनवर बाळ दाखवलं, हिच्या मांडीवर. जावयाने विचारलं, बाबा, नीट दिसतेय ना?
डोळे इतके भरले होते की काही म्हणजे काही दिसत नव्हतं.
'हो' म्हणालो.