आत्या, हिरव्या गालांची

४ मार्च

अखेर आत्या चित्रासाठी बसली! खिडकीशी, विणकाम घेऊन. लोकांची चित्रं काढून देते मी, आणि दरवेळी तेच — "जरा उजळ काढा हं." प्रदर्शनाला पाठवायचं ते मात्र माझ्या मनासारखं. गालाला सरळ हिरवा फासला. कपाळाला जांभळा. मजा आली!

आत्या डोकावली. "मी काय भोपळी मिरची आहे?"

५ मार्च

हनुवटीखाली केशरी, मान निळी. आणि गंमत म्हणजे चेहरा जास्तच तिचा दिसतोय. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. तो करारीपणा गुलाबी रंगात मावलाच नसता.

८ मार्च

डोळे अडले होते. पांढरा लावला की मेलेले वाटायचे. आज निरखून बघितलं — तिथे पांढरं नाहीच, पिवळं आहे! पिकल्या लिंबासारखं. लावलं, आणि चित्र माझ्याकडे बघायला लागलं. इतकी वर्षं मी आंधळीच होते की काय!

आत्या सारखी दंड खाजवत होती. "हलू नकोस ना," मी खेकसले. म्हणाली, लोकर टोचतेय. जेवणही नको म्हणाली. मला बरंच वाटलं, उजेड वाया गेला नाही.

१० मार्च

दादा येऊन पोट धरून हसला. "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. डोळे तपासून घे तुझे." हसू दे. गाढवाला गुळाची चव काय!

गालांवरही पिवळा चढवला. परवापेक्षा जास्त दिसत होता. नजर तयार होतेय माझी!

११ मार्च

चित्र प्रदर्शनाला दिलं. परत येताना जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

१४ मार्च

निवडलं! प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन होता. "डोळ्यांतला तो पिवळा कसा सुचला हो तुम्हाला?"

"सुचला नाही, दिसला," मी ऐटीत म्हणाले.

फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. मग चपला न घालताच आत्याच्या खोलीकडे धावले.

१५ मार्च

दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?" दादा माझ्याकडे बघेना.

आत्या पलंगावरून म्हणाली, "हिला विचारा. आठवडाभर तेच रंगवत होती."